नर पिल्लांचं टेस्टोस्टेरॉन मोजताना: प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांसाठी

तीन आठवड्यांच्या मुलाच्या गालांवर बारीक पुटकुळ्या उठल्या की घरात चर्चा सुरू होते. आजी म्हणते, अंगातली उष्णता. शेजारीण म्हणते, आईने तिखट खाल्लं असणार. बाळाच्या त्वचेतल्या तैलग्रंथींना मात्र निराळाच निरोप मिळालेला असतो, आणि तो पुरुषी संप्रेरकांकडून आलेला असतो. पाळण्यातल्या मुलाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन? हो, आणि थोडंथोडकं नाही. ऱ्हीसस माकडाच्या पिल्लात हेच घडतं, ब्राझीलच्या चिमुकल्या मार्मोसेट माकडामध्येही घडतं. काही महिने हा दिवा जळतो आणि मग वयात येईपर्यंत विझलेला राहतो. अभ्यासक याला 'मिनीप्युबर्टी' म्हणतात. आपण छोटं वयात येणं म्हणू.

एमएस्सी संपवून तुम्ही प्रजनन-जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत रुजू झाला आहात आणि फ्रीजरमधला 'नर, अर्भक' अशी चिठ्ठी लावलेला डबा तुमच्या हवाली झाला आहे, असं धरून पुढचं लिहितो. मशीन चालवायला कोणीही शिकवेल. मशीनमधून आलेल्या आकड्यावर कधी विश्वास ठेवायचा आणि कधी नाही, हे सहसा कोणी सांगत बसत नाही.

आधी वय, तेही दिवसांत

डब्यावर 'अर्भक' लिहिलेलं असेल तर ते वाचलं न वाचल्यासारखंच. जन्मतारीख आणि नमुना घेतल्याची तारीख शोधा, वजाबाकी करा आणि वय दिवसांत मांडा. माझ्या पहिल्या तक्त्यात मी वयाच्या रकान्यात '० ते ६ महिने' असा एकच गट केला होता. सरासरी काढली, आलेखाची एक उंच दांडी आली, मी खूश. मार्गदर्शक मॅडमनी कागद परत दिला आणि एवढंच विचारलं, "दिवाळी आणि शिमगा एकाच दिवशी साजरा करतोस का?"

कारण असं. माणसाच्या मुलात जन्मानंतर पहिले काही दिवस टेस्टोस्टेरॉन खाली येतं. साधारण आठवड्याभराने ते पुन्हा चढू लागतं, पहिल्या ते तिसऱ्या महिन्यात शिखर गाठतं आणि सहा महिन्यांच्या आसपास तळाला जातं. शिखरावर मोजलं तर ६० ते ४०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर मिळू शकतं. मोठ्या पुरुषाची खालची मर्यादा सुमारे ३०० धरतात, म्हणजे दोन महिन्यांचा मुलगा अधूनमधून बापाच्या आकड्याला हात लावून येतो. पुढे वर्षाच्या मुलात हाच आकडा २० च्या खाली असतो. १९७३ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात मॅगेलोन फॉरेस्ट आणि सहकाऱ्यांनी तान्ह्या मुलांमधली ही हालचाल दाखवून दिली, त्याआधी बालपण म्हणजे संप्रेरकांची सुट्टी असंच मानलं जाई.

ऱ्हीससमध्ये ही खिडकी, म्हणजे टेस्टोस्टेरॉन वर असण्याचा काळ, साधारण पहिले तीन-चार महिने उघडी असते आणि वयात येणं तिसऱ्या-चौथ्या वर्षी. मार्मोसेटमध्येही पहिले तीनेक महिने, पण तो वर्ष-सव्वा वर्षातच मोठा होतो. म्हणजे ऱ्हीससच्या आयुष्यात या खिडकीनंतर लांबलचक शांतता असते आणि मार्मोसेटच्या आयुष्यात ती जेमतेम काही महिन्यांची. दोन जातींचे आकडे शेजारी ठेवताना हे विसरू नका. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर तेही वेगळं नोंदवा, कारण माणसात अशा मुलांमध्ये ही लाट अधिक उंच आणि अधिक लांबलेली दिसते.

जाता जाता एक गोष्ट. जुन्या अमेरिकी लेखांत 'भारतीय वंशाची ऱ्हीसस' असं वाचाल. १९३८ मध्ये भारतातून जहाजाने नेलेली काहीशे माकडं पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर सोडली गेली, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. पुढे दशकानुदशकं आपल्याकडून माकडं निर्यात होत राहिली, ती १९७८ मध्ये बंद झाली. त्यामुळे लेखात वंश लिहिलेला असेल तर तोही तुमच्या तक्त्यात उतरवा. चिनी वंशाच्या ऱ्हीससशी तुलना करताना तो रकाना लागतो.

माल कुठून येतो

मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ठोक्याठोक्याने जीएनआरएच हे संप्रेरक सोडतो. त्यावर पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं रक्तात सोडते. एलएच अंडकोषातल्या लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं आणि एफएसएच शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशींकडे जातं. जीएनआरएचसह मेंदूतल्या पेप्टाइड संप्रेरकांवरच्या शोधांबद्दल गियमँ आणि शॅली यांना १९७७ चं अर्धं नोबेल मिळालं. उरलेलं अर्धं रोझलिन यॅलो यांना मिळालं, रक्तातली संप्रेरकं मोजण्याच्या रेडिओइम्युनोअॅसेसाठी. ज्याला मोजायचं तो रेणू आणि मोजायची तराजू, दोन्ही एकाच वर्षी गौरवलं जाणं मला भारी वाटतं.

नवख्यांना इथे एक प्रश्न पडतो: खिडकी बंद कोण करतं? अंडकोष थकतो की मेंदू हात आखडता घेतो? याचं उत्तर अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये टोनी प्लांट यांच्या गटाने ऱ्हीससवर शोधलं. नवजात नर पिल्लांचे अंडकोष काढून टाकले. अंडकोषाकडून येणारा 'पुरे आता' हा निरोप बंद झाला, म्हणून एलएच आणि एफएसएच उसळले. पण पुढे बालवयात हे दोन्ही आपोआप खाली गेले आणि वयात येण्याच्या सुमारास पुन्हा वर आले. अंडकोष नसतानाही हे वेळापत्रक पाळलं गेलं, म्हणजे ब्रेक मेंदूतच आहे. तुमच्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉन कमी दिसलं तर लगेच अंडकोषावर खापर फोडू नका, त्याच नळीतल्या उरलेल्या थेंबांत एलएच मोजून बघा.

दुसरा प्रश्न यापेक्षा गमतीचा. एवढं टेस्टोस्टेरॉन असताना तान्ह्या मुलात शुक्राणू का तयार होत नाहीत? कारण त्या वयात सर्टोली पेशींवर टेस्टोस्टेरॉनचा निरोप घेणारा अँड्रोजन रिसेप्टर जवळजवळ नसतो. निरोप्या दारावर टकटक करतोय, पण आत कानच नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत सुबीर मजुमदार यांच्या गटाने ऱ्हीससच्या सर्टोली पेशींवर काम करून दाखवलं की पिल्लाच्या सर्टोली पेशी एफएसएचलाही नीट दाद देत नाहीत, वयात येताना ती दाद वाढते. व्यवहारात याचा उपयोग असा की सर्टोली पेशींतून येणारं एएमएच हे संप्रेरक या वयात भरपूर असतं. मोठ्या नरात टेस्टोस्टेरॉन चढलं की एएमएच पडतं. इथे दोन्ही एकत्र वर असतात. हे बघून नमुने अदलाबदल झाले असं समजू नका, हेच बरोबर आहे.

मग ही लाट हवी कशाला? अंडकोष पोटातून पिशवीत उतरण्याला शेवटचा रेटा, शिश्नाची वाढ, सर्टोली पेशींची संख्या वाढणं, ही कामं तिच्या खात्यावर आहेत. ऱ्हीसस पिल्लांमध्ये ही लाट औषधाने दाबली तर वयात येण्याच्या काळात त्यांचे अंडकोष लहान आणि टेस्टोस्टेरॉन कमी आढळलं, असं अटलांटाच्या प्रयोगांत दिसलं होतं.

आणि जातो कुठे

रक्तातला आकडा म्हणजे धरणातली पाण्याची पातळी. किती पाणी आलं हे नुसत्या पातळीवरून कळत नाही, किती सोडलं तेही माहीत हवं. चयापचयाचा भाग इथे येतो, आणि विद्यार्थी नेमका हाच भाग घाईत उरकतात.

टेस्टोस्टेरॉनला तीन-चार वाटा आहेत. त्वचेत आणि जननेंद्रियांत ५-अल्फा रिडक्टेज हे एन्झाइम त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करतं, ते अधिक जहाल. अॅरोमाटेज हे दुसरं एन्झाइम त्याचं इस्ट्रॅडिऑल, म्हणजे स्त्री-संप्रेरक, करतं. यकृतात त्याची अँड्रोस्टेरॉन आणि एटिओकोलॅनोलोन अशी निष्प्रभ रूपं होतात, त्यांना ग्लुकुरोनिक आम्लाची किंवा सल्फेटची शेपटी जोडली जाते, म्हणजे पाण्यात विरघळून लघवीवाटे किंवा पित्तातून विष्ठेत जायला मोकळी. शिवाय रक्तात एसएचबीजी नावाचं प्रथिन टेस्टोस्टेरॉनला मिठी मारून बसतं. माणसाच्या बाळात पहिल्या महिन्यांत हे प्रथिन वाढतं, त्यामुळे एकूण टेस्टोस्टेरॉन बापाएवढं दिसलं तरी मोकळं फिरणारं त्यापेक्षा बरंच कमी असतं. रिपोर्टवर 'एकूण' की 'मुक्त' हे वाचल्याशिवाय तुलना करू नका.

या वाटेचा डॉक्टरांनाही थेट उपयोग होतो. मुलाचं जननेंद्रिय अपुरं वाढलेलं दिसलं तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत टेस्टोस्टेरॉन आणि डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन यांचं गुणोत्तर पाहता येतं. ५-अल्फा रिडक्टेज कमी असेल तर पहिलं भरपूर आणि दुसरं तुटपुंजं दिसतं. खिडकी उलटून गेली की संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन अंडकोष मुद्दाम जागा करावा लागतो. पालकांनी 'थोडा मोठा झाला की बघू' म्हणत थांबण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञांना लवकर विचारलेलं बरं, ते याच कारणाने.

नमुना घेताना

प्रत्यक्ष रक्त काढण्याआधी परवानगीचा कागद. भारतात माकडांवरच्या कोणत्याही प्रयोगाला संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीबरोबर केंद्रीय समितीचीही मान्यता लागते. ती हातात नसेल तर सुईला हात लावायचा नाही.

मग हिशोब करा. ऱ्हीससचं नवजात पिल्लू साधारण ५०० ग्रॅमचं असतं. किलोला ७० मिली रक्त धरलं तर त्याच्या अंगात ३५ मिली. एका वेळी दहावा हिस्सा ही कमाल मर्यादा धरली तरी साडेतीन मिली, आणि शहाणा माणूस अर्धा-एक मिलीवर थांबतो. मार्मोसेटचं पिल्लू ३० ग्रॅमचं, त्याच्या अंगात सगळं मिळून जेमतेम दोन मिली रक्त. दहावा हिस्सा म्हणजे ०.२ मिली, चार थेंब. त्यात सिरम निघणार निम्मं. त्या चार थेंबांत टेस्टोस्टेरॉन, एलएच, एएमएच सगळं बसवायचं असेल तर कोणती चाचणी आधी हे रक्त काढण्यापूर्वीच ठरवा. नंतर भांडत बसायला नमुना उरत नाही.

वेळ लिहा. नुसती तारीख नाही, तासही. १९८२ मध्ये प्लांट यांनी दाखवलं की ऱ्हीससच्या नर पिल्लात दिवस-रात्रीचा फरक प्रचंड असतो, टेस्टोस्टेरॉन रात्री चढतं. एक विद्यार्थी सकाळी नऊला नमुने घेतो, दुसरा संध्याकाळी सातला, आणि दोघे मिळून 'गटांत फरक आढळला' असं लिहितात. फरक घड्याळातला असतो. पिल्लाला आईपासून वेगळं करायला किती मिनिटं लागली, भूल कोणती दिली, हेही त्याच ओळीत टिपा, कारण ताण वाढला की मेंदूपासून अंडकोषापर्यंतची ही साखळी दबते.

रक्त नकोच असेल तर लघवी आणि विष्ठा आहेत, पण ते सोपं आहे असं समजू नका. लघवी पातळ-दाट असते म्हणून मोठ्यांत क्रिएटिनिनने भागतात. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, पिल्लाला स्नायू असतात कुठे? पिल्लांच्या लघवीला विशिष्ट गुरुत्वाचा आधार घ्या. विष्ठेत जिवाणू काम करतच राहतात, म्हणून ती लगेच गोठवा किंवा अल्कोहोलमध्ये बुडवा. मुळात ते विष्ठेचं बोटभर ठिपकं आईचं की पिल्लाचं, हे डोळ्यांनी बघितलेलं असलं पाहिजे. अंदाज चालत नाही.

मोजताना: ईथर आणि गोगलगाय

आता सगळ्यात जास्त गफलत होते ती जागा.

जन्माआधी माणसाच्या आणि इतर वरच्या दर्जाच्या प्रायमेट गर्भांत मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीचा एक मोठा तात्पुरता पट्टा असतो. तो डीएचईए-सल्फेटसारखी स्टेरॉइडं ढिगाने बनवतो. जन्मानंतर हा पट्टा हळूहळू आक्रसतो, पण पहिले काही आठवडे रक्तात या मंडळींची गर्दी असते. संप्रेरक मोजायच्या साध्या किटमधली अँटिबॉडी, म्हणजे रेणू ओळखून पकडणारं प्रथिन, ही टेस्टोस्टेरॉनची बहीणभावंडं चेहऱ्यावरून नीट ओळखत नाही. गर्दीतून तिने दहाजणांना चुकून 'टेस्टोस्टेरॉन' म्हटलं की तुमचा आकडा फुगला. मोठ्या माणसाच्या रक्तासाठी बनवलेलं किट नवजात नमुन्यावर थेट वापरू नका, ते याचसाठी.

उपाय जुना आणि खात्रीचा आहे. सिरममध्ये ईथर घालून जोरात हलवा. मोकळी स्टेरॉइडं वरच्या ईथरच्या थरात जातात, सल्फेटची शेपटी असलेली खालच्या पाण्यातच राहतात. मग नळीचं बूड ड्राय आइस घातलेल्या अल्कोहोलमध्ये धरायचं. काही सेकंदांत खालचा पाण्याचा थर पांढरा होऊन गोठतो, वरचं ईथर मात्र पाण्यासारखं पातळ. नळी तिरकी केली की ईथर दुसऱ्या नळीत ओघळतं आणि गोठलेलं बूड जागेवर राहतं. पहिल्यांदा हे करताना मी नळी जरा जास्तच वेळ हातात धरली, बूड वितळलं आणि सगळं पुन्हा एकत्र झालं. धुराच्या कपाटात, हातमोजे घालून आणि जवळपास ज्योत नसताना हे करा. ईथर पेट घ्यायला निमित्तच शोधत असतं. नंतर नायट्रोजनच्या झोतात वाळवायचं आणि बफरमध्ये विरघळवून मोजायचं. आधीच मोजून घातलेलं थोडं टेस्टोस्टेरॉन शेवटी किती टक्के परत मिळालं, हे प्रत्येक बॅचला तपासा.

तुमच्या संस्थेत एलसी-एमएस/एमएस (मास स्पेक्ट्रोमेट्रीचं यंत्र) असेल तर ते उत्तमच. तिथे रेणू वजनाने आणि तुकड्यांनी ओळखला जातो, चेहऱ्याने नाही. पण नमुना कमी लागतो असं गृहीत धरू नका, मशीनवाल्यांना आधी विचारा.

लघवीतली शेपटीवाली रूपं मोजायची तर शेपटी कापावी लागते. बाजारात त्यासाठी हेलिक्स पोमाशिया या गोगलगाईच्या पचनरसातून काढलेलं एन्झाइम मिळतं. ते ग्लुकुरोनाइड कापतं, सल्फेटही कापतं, स्वस्त आणि मस्त. पण या रसात आणखी एक करामती असतो, तो अॅड्रिनलकडून आलेल्या काही स्टेरॉइडांचं नळीतच टेस्टोस्टेरॉन करून टाकतो. मोठ्या नरात हा गोंधळ किरकोळ ठरू शकतो. पिल्लाच्या लघवीत अॅड्रिनलचा माल मुबलक, त्यामुळे अंडकोषाने न बनवलेलं टेस्टोस्टेरॉन गोगलगाय बनवते आणि तुम्ही ते आलेखावर चढवता. ई. कोलाय जिवाणूपासूनचं एन्झाइम हा खोडसाळपणा करत नाही, मात्र ते सल्फेट कापत नाही. काय मोजायचंय ते आधी ठरवा, मग बाटली उघडा.

विष्ठेत निखळ टेस्टोस्टेरॉन फार थोडं उतरतं, बहुतेक त्याची बदललेली रूपं असतात आणि ती जातीजातीत वेगळी. जर्मनीत ग्यॉटिंगेनच्या प्रायमेट केंद्राने लांब शेपटीची माकडं, मार्मोसेट आणि चिंपांझी यांच्यावर हे तपासून २००२ मध्ये मांडलं. शिवाय डीएचईए मोडूनही त्यातली काही रूपं तयार होतात. म्हणून दुसऱ्या जातीवर चाललेलं किट आपल्या जातीवर चालेलच असं नाही. एक नमुना पातळ करत करत मोजा, त्याची रेघ माहीत असलेल्या प्रमाणांच्या मानक रेघेला समांतर जाते का बघा. आणि शक्य असेल तर त्याच वयाच्या मादी पिल्लांची विष्ठा शेजारी लावा. नर आणि मादी सारखीच दिसली, तर तुम्ही अॅड्रिनल मोजत आहात.

आकडा हातात आल्यावर

एकक बघा. १ नॅनोग्रॅम प्रति मिली म्हणजे १०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ३.४७ नॅनोमोल प्रति लिटर. अमेरिकी लेख एक वापरतात, युरोपातले दुसरं. वहीच्या पहिल्या पानावर ही ओळ लिहून ठेवा.

मग एकटादुकटा नमुना बघून निष्कर्ष काढू नका. संप्रेरक ठोक्याठोक्याने सुटतं, दोन ठोक्यांच्या मध्ये तुमची सुई पडली तर निरोगी पिल्लूही रिकामं दिसेल. तुलना नीट कशी करावी, यावर स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या गटाने छान तोड काढली होती. मार्मोसेटला बहुतेकदा जुळी होतात. त्यांनी जुळ्या नरांपैकी एकाला गाईच्या दुधाची पावडर आणि दुसऱ्याला सोयाची पावडर पाजली, जन्मानंतर चार-पाच दिवसांपासून पाच-सहा आठवडे. आईबाप तेच, गर्भाशय तेच, जन्माचा दिवस तोच, त्यामुळे तुलना भावाभावांत. २००२ मध्ये आलेल्या निकालात सोया पिणाऱ्यांचं टेस्टोस्टेरॉन सरासरीने निम्म्याहून खाली होतं. बातमी इथेच थांबली असती तर सोयाच्या डब्यावर लगेच लाल फुली पडली असती.

पण त्यांनी अंडकोषही कापून बघितला. सोया पिणाऱ्या पिल्लांत लायडिग पेशींची संख्या कमी नव्हती, उलट वाढलेली होती. उत्पादन घटलं तेव्हा शरीराने जास्त कामगार लावले असावेत, असा त्याचा एक अर्थ लागतो. उरलेले नर मोठे होऊ दिले आणि २००६ मध्ये पुढचा निकाल आला: वयात येणं वेळेवर, पिल्लं होण्यात ठळक अडचण नाही, अंडकोष मात्र जोडीदार भावापेक्षा वजनाला जास्त. त्यामुळे तुमच्या तक्त्यात टेस्टोस्टेरॉनशेजारी एलएचचा रकाना ठेवा, शक्य असेल तिथे ऊतीचा एक तुकडा फॉर्मालिनऐवजी बूइनच्या द्रावणात जपा, अंडकोषाची रचना त्यात जास्त चांगली टिकते, आणि डब्यावरची 'नर, अर्भक' ही चिठ्ठी काढून तिथे दिवस, तास, आईचा क्रमांक आणि जुळं असेल तर भावाचा क्रमांक लिहा.